पालकाचे वय बारा दिवस

मुलांच्या कॉलेजसाठी आईबापांनी पैसे साठवावेत की नाही, या प्रश्नावर जळगावच्या मोतीलालभाऊ बागुलांचं मत ठाम होतं आणि ते कोणी विचारेपर्यंत थांबायची त्यांना सवय नव्हती. ते एका सरकारी कार्यालयात तपासणी लिपिक होते. लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढायच्या आणि अर्ज परत पाठवायचे, हे त्यांचं काम. बत्तीस वर्षांत त्यांनी इतके अर्ज परत पाठवले होते, की जुने अर्जदार परतीचं पाकीट आधीच जोडत. चहा आला की मोतीलालभाऊ सहकाऱ्यांना सांगायचे, "बारशाचे पेढे वाटायच्या आधी पोराच्या शिक्षणाचं खातं उघडा. नंतरची बचत म्हणजे बस सुटल्यावर पळणं."

त्यांनी स्वतः तसंच केलं होतं. दिपमालाच्या बारशाला पाहुण्यांनी पाळण्याभोवती गर्दी केली असताना ते कॉटवर बसून 'विद्यासंचय योजने'चा अर्ज भरत होते. ठळक अक्षर, एकही खाडाखोड नाही. शेवटी बाळाचा इवलासा अंगठा शाईत बुडवून त्यांनी रकान्यात उमटवला. आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या, बाळानं भोकाड पसरलं आणि अर्ज परिपूर्ण झाला.

पुढची अठरा वर्षं एकही हप्ता चुकला नाही. जळगावच्या मे महिन्यात शेजाऱ्यांचे कूलर घरघरत, तेव्हा बागुलांच्या घरी खिडकीला ओला टॉवेल असे. शाळेची सहल निघाली, दिपमाला गेली नाही. दहावीला तिला गणिताची शिकवणी हवी होती. मोतीलालभाऊंनी समजावलं, "बेटा, शिक्षणाचे पैसे असे शिकवण्यांवर उडवायचे नसतात." अशा रीतीनं मुलीच्या शिक्षणाचा पैसा तिच्या शिक्षणापासून सुरक्षित राहिला.

मंदाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "अहो, दर पाडव्याला ग्रॅमभर सोनं घेऊन टाकू. अडीनडीला मोडता येतं."

"सोनं ही अडाण्यांची बचत," मोतीलालभाऊ म्हणायचे. सोन्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावात राहून हे वाक्य मोठ्यानं म्हणायला छाती लागते. ते खिडकी लावून म्हणायचे.

दिपमाला बारावी झाली. शिरपूरच्या एका कॉलेजात तिला बी.फार्मसीला प्रवेश मिळाला. फी दहा दिवसांत भरायची होती. मोतीलालभाऊंनी तीन प्रतींतली कागदपत्रं फाईलला लावली आणि धुळ्याची बस धरली. योजनेचं कार्यालय तिथं होतं.

खिडकीत रतिलाल सैंदाणे नावाचे गृहस्थ होते. चष्मा नाकाच्या टोकावर, कानामागे पेन. त्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, "विद्यार्थी कुठंय?"

"मुलगी घरी आहे. मी वडील."

"मुलीचं आज काम नाही. ती पालक आहे. विद्यार्थी पाहिजे."

मोतीलालभाऊ हसले. सैंदाणे हसले नाहीत. त्यांनी मूळ अर्ज फिरवून समोर धरला. विद्यार्थ्याचे नाव: मोतीलाल दगडू बागूल. पालकाचे नाव: दिपमाला मोतीलाल बागूल. पालकाचे वय: बारा दिवस. पालकाचा व्यवसाय: निरंक. पालकाच्या सहीच्या जागी तुरीच्या दाण्याएवढा निळा अंगठा होता.

अक्षर स्वतःचं नाही असं म्हणायची सोय नव्हती. कोणताही अर्ज हातात आला की पहिल्या रकान्यात आपलं नाव लिहायचं, ही नोकरीतली सवय. वरचं छापील वाक्य वाचायचं असतं ते दुसऱ्याच्या अर्जात.

"अठरा वर्षांत हे कोणाला दिसलं नाही?"

"अर्जाची सात वेळा पडताळणी झाली आहे," सैंदाणे म्हणाले. "सातही वेळा हप्ता बरोबर निघाला."

"मग दुरुस्ती करा ना!"

"नावदुरुस्ती अर्जाच्या तारखेपासून तीस दिवसांत. पालकाच्या विनंतीवरून."

"साहेब, तेव्हा पालक पाळण्यात होती!"

"पाळण्यातून अर्ज करू नये, असं नियमात कुठं नाही."

मोतीलालभाऊंना संताप यायला हवा होता. पण समोरच्याची भाषा इतकी निर्दोष आणि इतकी ओळखीची होती, की ते पाहतच राहिले. या जागी ते असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं, फक्त जरा जास्त आनंदानं.

"मुदतीनंतरचं प्रकरण पुण्याला जातं. दीड वर्ष धरा," सैंदाणे पुढे म्हणाले. "त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. विद्यार्थ्यानं कुठंतरी प्रवेश घ्यावा. बोनाफाईड आणा. आठ दिवसांत पहिला हप्ता पालकाच्या खात्यात."

"मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

"नियमात खालची वयोमर्यादा आहे. वरची घालायचं कोणाला सुचलं नाही."

"आणि पालकानं ते पैसे भलत्याच कामाला वापरले तर?"

"पालक मुलाच्या भल्याचंच करतो, असं योजना गृहीत धरते. मात्र दर सहा महिन्यांनी विद्यार्थ्याची पंचाहत्तर टक्के हजेरी आणि पास झाल्याची गुणपत्रिका लागेल. नापास झाला की पुढचे हप्ते बंद."

परतीच्या बसआधी ते धुळ्याजवळच्या खेड्यात धाकट्या भावाकडे, अभिमनकडे, टेकले. अभिमननं सगळं ऐकलं, मांडीवर थाप मारली आणि अहिराणीत म्हणाला, "भाऊ, पैसा शिक्षनना शे ना? मंग शिक ना तू!" आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. घरी मंदाबाई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "सोन्यावर पालकाचं नाव लिहावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मोतीलालभाऊंनी जळगावातल्या एका सकाळच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. पालकाची सही दिपमालानं केली. नवव्या दिवशी पैसे तिच्या खात्यात आले, दहाव्या दिवशी शिरपूरची फी भरली गेली. सगळं मार्गी लागलं. फक्त आता दिपमाला चार वर्षं शिकायची असेल तर मोतीलालभाऊंनी चार वर्षं पास होणं भाग होतं. बी.ए. तीन वर्षांचं. चौथ्या वर्षासाठी एम.ए. करावं लागणार होतं.

सकाळी सातला ते शेवटच्या बाकावर बसत आणि दहाला कार्यालयात पळत. रात्री नऊला शिरपूरच्या वसतिगृहातून फोन येई.

"बाबा, अभ्यास झाला?"

"जरा बातम्या बघत होतो."

"टीव्ही बंद करा. मी इथं कोणासाठी जीव काढतेय?"

हे वाक्य त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. नीट आठवल्यावर त्यांना कळलं, की ऐकलं नव्हतं, म्हटलं होतं. कूलर नसलेल्या प्रत्येक उन्हाळ्यात म्हटलं होतं.

अर्थशास्त्राच्या चाचणीत प्रश्न आला: बचतीचे महत्त्व स्पष्ट करा. मोतीलालभाऊंनी पुरवण्या जोडून अकरा पानं लिहिली. वीसपैकी तीन गुण मिळाले. व्याख्या लिहायची राहिली होती. प्राध्यापिका खुशनुमा शेख यांनी शेरा मारला, 'पालकांनी भेटावे.'

दिपमाला प्रॅक्टिकल बुडवून शिरपूरहून आली. वडील दारात उभे राहिले, ती खुर्चीवर बसली.

"हुशार आहेत," मॅडम म्हणाल्या, "पण प्रश्न वाचत नाहीत. आपलंच लिहीत सुटतात. घरी कोणी लक्ष देतं का?"

"मी लांब असते, मॅडम," दिपमाला खाली मान घालून म्हणाली. "पुढच्या वेळी असं होणार नाही." दारात येऊन तिनं वडिलांकडे पाहिलं, आणि मोतीलालभाऊंनी उत्तरपत्रिका पाठीमागे लपवली. कँटीनमध्ये तिनं त्यांना चहा आणि गणिताचा असावा तसा एक तक्ता दिला. व्याख्या आधी, मुद्दे नंतर, सुविचार नको. मोतीलालभाऊंनी तो घरी पाठ केला. सत्र परीक्षेत ते बेचाळीस टक्क्यांनी पास झाले आणि मंदाबाईंनी पेढे आणले.

दुसऱ्या हप्त्यासाठी पालक आणि विद्यार्थी दोघंही धुळ्याला गेले. सैंदाण्यांनी हजेरी पाहिली, गुणपत्रिका पाहिली, मूळ अर्जावरून बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबले.

"विद्यार्थ्याची आवड: औषधनिर्माणशास्त्र. तुम्ही तर बी.ए. करताय."

मोतीलालभाऊंनी ती वाचली. ती ओळ त्यांनीच लिहिली होती, बारशाच्या दिवशी. बारावीनंतर त्यांना स्वतःला औषधांच्या लायनीत जायचं होतं. वडिलांनी नोकरीला लावलं. अर्ज भरताना पेन त्या रकान्यात आलं आणि थांबलंच नाही.

"माझ्याच आवडीचं आहे ते," ते हळूच म्हणाले.

"मग अर्ज बरोबर आहे," सैंदाणे म्हणाले आणि शिक्का उचलला.

दिपमाला पुढे झाली. "आणि माझी आवड? ती कुठल्या रकान्यात आहे?"

"तुम्ही पालक ना? पालकाच्या आवडीसाठी वेगळा रकाना नाही, ताई. पालक ती विद्यार्थ्याच्याच रकान्यात लिहितात." त्यांनी मागच्या कपाटाकडे मान वळवली. "तिथं चार हजार अर्ज आहेत. सगळ्यांत नावं मुलांची आहेत. स्वतःची आवड लिहून वर नावही स्वतःचं घालणारा बाप मी नोकरीत एकच पाहिला."

शिक्का पडला. दुसरा हप्ता मंजूर झाला. मोतीलालभाऊ खिडकीपासून हलले नाहीत. ते मुलीकडे वळले.

"दिपू, तुला काय शिकायचं होतं गं?"

अठरा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता. मग ती काहीतरी म्हणाली. ते एका मोतीलालभाऊंनाच ऐकू आलं असेल, कारण तोवर मागची रांग ओरडायला लागली होती, "ओ भाऊ, सरका ना, आम्हालाही अर्ज भरायचाय!" रांगेत आपण सगळेच होतो. प्रत्येकाच्या हातात कोरा अर्ज होता, आणि खिडकीला दोरीनं बांधलेलं पेन एकच होतं.