परबकाका आणि आमचा फ्रीज

परबकाका कुणाच्याही घरी आले की चपला काढतात आणि थेट फ्रीज उघडतात. त्यांना पाणी नको असतं, बर्फ नको असतो. वाकून बघायचं, एक हुंकार द्यायचा, दरवाजा लावायचा. अंधेरीतल्या आमच्या सोसायटीत नव्यानं आलेल्यांना ते भुकेले वाटतात, जुन्यांना आगाऊ. भुकेले ते नसतात.

शोध असतो इन्सुलिनचा. ज्या घरात मधुमेह, तिथे झडती आधी. गणपतीत ते प्रसादापाशी सुरी घेऊन बसतात आणि माणूस बघून मोदक अर्धा करतात. चव्हाणवहिनी एकदा दुसऱ्या अर्ध्यासाठी पुन्हा रांगेत आल्या, तर काका भर गर्दीत म्हणाले, "वहिनी, देव सोडून देईल, मी नाही."

एमआयडीसीतल्या नोकरीमुळे काकांना सरकारी विमा आहे आणि त्याच्याशी त्यांचं जुनं भांडण आहे. गोळ्या मिळतात, सुया मिळतात, वेळ आलीच तर पायही फुकट कापून मिळतो. सुई कुठे टोचायची, पाय रोज कसा तपासायचा, हे शिकवायला मात्र विमा नाही. "मगे शिकवतलो कोण?" हे त्यांचं पालुपद.

दर महिन्याला ते विमा कचेरीत अर्ज देतात. तो लिहायचं काम माझ्याकडे, कारण सोसायटीत पुस्तकं वाचणारा रिकामटेकडा मी एकटाच. एवढा हट्ट कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "कारण लिहू नको, मागणी लिही," म्हणाले.

एकदा तिथला कारकून वैतागून म्हणाला, की जे काही मिळतं ते ॲडमिट झाल्यावर. काका तिथल्याच बाकड्यावर आडवे झाले. पिशवी उशाला घेतली. "झालो ॲडमिट. शिकव आता." शिपायानं दया येऊन चहा आणला, तर त्यात दोन चमचे साखर वाढवून मागितली. काकांना स्वतःला मधुमेह नाही.

या वर्षी माझी आई गेली. साखरेनंच गेली. तिची इंजेक्शनं मीच द्यायचो, आणि माझंच कुठेतरी चुकलं असावं हे मी कुणापाशी बोललो नव्हतो.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका आले. चपला काढल्या, फ्रीज उघडला. आईची शेवटची बाटली दारातल्या कप्प्यात तशीच होती. मला ती टाकवली नव्हती. या वेळी हुंकार आला नाही.

"डॉक्टर तुझ्या काकूला म्हणाले, थंड ठेवा," काका फ्रीजकडेच बघत म्हणाले. "मी म्हटलं, थंड तर चांगलं थंड ठेवू. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. रोज हातात धरून वितळवायचो आणि टोचायचो. अख्खा उन्हाळा. एकदा गोठलं की त्याच्यात जोर राहत नाही रे. ती गेल्यावर कळलं."

काकांनी बाटली उचलली, उजेडाकडे धरून पाहिली आणि होती तिथेच परत ठेवली.

"तू बरोबर ठेवलं होतंस," ते म्हणाले.