गिरगावातला शेवटचा एकभाषी

"एकच भाषा येणारा तरुण अख्ख्या मुंबईत मिळत नाही? मी देतो आणून!" अण्णा तळपदे गरजले. अण्णा सकाळी दूधवाल्यावर चिडत आणि मग दिवसभर उरलेल्या जगावर. आज पाळी लेक ऋग्वेदा हिच्या एम.ए.च्या प्रोजेक्टची होती.

दोन भाषा बोलणाऱ्या तरुणांचं डोकं जास्त चपळ चालतं का, हे तिला तपासायचं होतं. दोनभाषी ढिगानं मिळाले. तुलनेला एकभाषी मात्र एकही नाही, आणि तो नसेल तर उद्या प्रोजेक्ट बाद!

"म्हणजे नुसतं मराठी बोलणारे मठ्ठ, असं सिद्ध करणार? माझ्याच पंख्याखाली बसून?"

"सिद्ध नाही अण्णा, तपासणार."

"मग आपल्या यतीनला तपास! माझा पुतण्या आहे, माझ्या धाकात वाढलाय!"

"त्याला हिंदीसुद्धा येत नाही?"

"टॅक्सीवाल्याशीसुद्धा मराठीत भांडतो!"

यतीन आला. काकांसमोर मान खाली घालून, "फक्त मराठी," एवढंच म्हणाला. लॅपटॉपवर 'लाल' हा शब्द निळ्या रंगात उमटे. शब्द न वाचता रंग सांगायचा. अण्णांनी आधी स्वतः करून पाहिलं, पहिल्याच शब्दाला आपटले आणि लॅपटॉपवर डाफरले. यतीन मात्र तोफेसारखा सुटला. निळा! हिरवा! पिवळा! सगळ्या दोनभाषींच्या पुढे!

"बघ! एकच भाषा, पण अस्सल! छाप आता!" अण्णांचा आवाज चर्नी रोड स्टेशनात पोचला असेल.

तेवढ्यात यतीनचा फोन वाजला. तो घाईघाईनं गॅलरीत गेला. पण तळपद्यांच्या गॅलरीतलं बोलणं बाहेरच्या खोलीत जास्तच स्पष्ट ऐकू येतं.

"हा शेफाली, बोल ने... ना ना, काकाने कंई खबर नथी!"

चक्क गुजराती! आणि वर काकांना काही पत्ता नाही म्हणे! ऋग्वेदानं कपाळाला हात लावला. गेला एकभाषी!

अण्णा लालबुंद होऊन उठले. "यतीन! गेट आऊट! धिस इज चीटिंग! इन माय हाऊस? शेमलेस फेलो! आय विल नॉट टॉलरेट धिस नॉनसेन्स!"

यतीन चपला हातात घेऊन पळाला. अण्णा धापा टाकत खुर्चीत बसले.

"अण्णा," ऋग्वेदा थंडपणे म्हणाली, "एकदासुद्धा अडखळला नाहीत हं. वय बसत असतं तर दोनभाषींत पहिले आला असता."

अण्णा तोंड उघडून थांबले. उत्तर तयार होतं, पण तेही इंग्रजीतच होतं.