शांततेचा पहारा

"रोज सकाळी ध्यान करा. रक्तदाब उतरल्याशिवाय मी फिटनेसच्या दाखल्यावर सही करणार नाही," असं कारखान्याच्या डॉक्टरनं सांगितलं आणि क्रेनवाल्याचा रक्तदाब तिथल्या तिथे आणखी चढला.

सही नाही तर क्रेन नाही. मग खाली गोदामात, मुकादमाच्या नाकासमोर खोकी हलवत बसायचं. वरच्या काचेच्या केबिनमध्ये त्याला कुणी 'जरा इकडे या' म्हणू शकत नव्हतं. अख्ख्या आयुष्यात तेवढीच एक जागा त्याची होती.

"विचार येतील, येऊ द्या. आपोआप जातील," डॉक्टर म्हणाला. त्याला काय जातंय बोलायला? त्याच्या घरात विचारांना यायला वेगळं दार असेल, जायला वेगळं. दोन खोल्यांच्या घरात आलेला विचार अंथरूण पसरून मुक्कामच ठोकतो.

तरी दुसऱ्या दिवशी क्रेनवाला पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत मांडी घालून, कपाटाला टेकून बसला. बायकोनं दाराशी पहारा धरला.

"झोपला काय हा?" वडिलांनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते साऱ्या इमारतीला ऐकवत.

"झोपले नाहीत, ध्यानाला बसलेत! हळू बोला!" बायको त्यांच्या कानाशी ओरडली.

"मग डोळे का मिटलेत?"

"ध्यानात मिटतात!"

"झोपेतपण मिटतातच की!"

तेवढ्यात दूधवाल्यानं बेल वाजवली. बायको त्याच्यावर धावून गेली. "बेल वाजवायची नाही, कितीदा सांगायचं?"

"पहिल्यांदाच सांगताय, वहिनी."

ती इतकी भडकली की तो वळताच स्टुलावर चढून तिनं बेलची वायरच उपटली. मग गॅस सिलिंडरवाला आला, मेलेली बेल दाबून दाबून वैतागला आणि सिलिंडर घेऊन परत गेला. थोड्या वेळानं शेगडी विझली. भाजी अर्धी कच्ची, डबे रिकामे. त्यातच पोरगी किंचाळली, "आई, माझी कंपासपेटी कपाटात आहे! बाबांना जरा सरकव ना, पेपर आहे माझा!"

"हात लावून तर बघ! बाबांचं काम जाईल."

"आणि माझं वर्ष जाईल त्याचं काय?"

"हळू बोल, भवाने!"

क्रेनवाल्याला सगळं ऐकू येत होतं. वीतभर सरकला असता तर कपाट उघडलं असतं. पण त्याला एक शोध लागला होता: डोळे मिटलेल्या माणसाला या घरात कुणी काही विचारत नाही. म्हणजे केबिनच की ही! त्यानं डोळे आणखी घट्ट मिटले. आणि त्या दिवसापासून त्याचं ध्यान एकदाही चुकलं नाही.

पुढच्या तपासणीला तो बायकोला घेऊनच गेला. डॉक्टर खूश झाला. "वा! झकास उतरलाय. बघा, मनावर घेतलं की होतं." त्यानं सही ठोकली.

"डॉक्टर, माझंही बघता का?" बायको म्हणाली. "हल्ली कानात धडधडतं."

डॉक्टरनं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, काटा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा गुंडाळला. "ताई, घरात काही त्रास?"

"त्रास कसला? घरात नुसती शांतता आहे."

"उद्यापासून तुम्हीही ध्यान करा." मग तो क्रेनवाल्याकडे वळला. "त्यांना कुणी उठवणार नाही, हे तुम्ही बघायचं. पुढच्या वेळी दोघंही तपासणीला या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको फटीत बसली आणि क्रेनवाला दाराशी उभा राहिला. बेल बंद, म्हणून दूधवाला दार बडवत होता. शेगडीवर कालचं दूध उतू चाललं होतं. "आता ही झोपली काय?" वडील गरजले. पोरगी कंपासपेटीसाठी पाय आपटत होती.

"हळू!" क्रेनवाला ओरडला, आणि त्याच्या कानात काहीतरी धडधडायला लागलं. पुढची तपासणी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. गोदाम दिसलं. मुकादमाचं नाक दिसलं. तो धावत फटीपाशी गेला.

"अगं, जरा सरक ना. ती पेटी... दूध उतू जातंय... मी एकटा काय काय बघू?"

बायकोच्या कपाळावर एक आठी नव्हती.

"विचार येतील," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "येऊ द्या."

आणि कपाटाला आणखी रेलून बसली.