तळ बघणारे आबा

दत्तूआबांना दुधाचा चहा चालत नाही. पोटाची तक्रार नाही, डॉक्टरांनी बंदी घातलेली नाही, दुधाशी वैर म्हणावं तर ताक तांब्याने पितात. पण चहा कोरा हवा आणि काचेच्या ग्लासात हवा. "दुदाच्या चात तळ कुटं दिसतो?" एवढंच त्यांचं कारण. ग्लास उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा, खाली काही बसलंय का ते बघायचं आणि मगच ओठाला लावायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मी विष कालवलंय असा यांना संशय आहे.

मी मळवलीला राहायला आले ती नवऱ्याच्या हौसेपायी. जन्मभर पुण्याच्या शाळेत गणित शिकवून दमले होते, म्हटलं चला. त्याने बागेत कमरेएवढं खोल तळं खणून घेतलं, त्यात रंगीत मासे सोडले आणि दुसऱ्याच वर्षी स्वतः गेला. तळं माझ्या गळ्यात पडलं. बुजवायला जीव होईना आणि ठेवावं तर पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं. तेव्हा शेजारच्या बंगल्याची राखण करणारे आबा कुंपणावरून डोकावले. "बाई, तळ दिसला पायजे." त्यांना विचारलं कुणी होतं? पण दुसऱ्या दिवशी ते एक निळं पिंप घेऊन हजर.

पिंपाचा कारभार असा. पंपाने खेचलेलं पाणी आधी एका काळ्या नळकांड्यातून जातं. त्यात यूव्हीची ट्यूब असते. तिच्यापुढे पाण्यातलं बारीक शेवाळ टिकत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. मग पाणी पिंपात. तिथे स्पंजचे थर, प्लॅस्टिकची चक्रं आणि त्यांवर तपकिरी, बुळबुळीत साय. ती साय म्हणजे जिवाणू. माशांची घाण तेच पचवतात. आबा त्यांना 'माजी गुरं' म्हणतात. वीज गेली की माझ्या फ्रिजची चौकशी करायला कुणी फिरकत नाही, पण आबा बॅटरी ढकलगाडीवर घालून धावत येतात. "पानी थांबलं की गुरं गुदमरत्यात, बाई!" स्पंज पिळायचे तेही तळ्याच्याच पाण्यात, कारण नळाच्या पाण्यातल्या औषधाने गुरं मरतात. ट्यूब दरवर्षी बदलायची, पेटत असली तरी. "उजेड हाय, पर जीव न्हाई तिच्यात," म्हणायचं आणि चांगली पेटती ट्यूब भंगारात.

रोज सकाळी ते तळ्याच्या चारी बाजूंनी फिरतात, गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघतात आणि म्हणतात, "हितं न्हाई. ठिवा चा." काय नाही ते सांगत नाहीत. मी आपली समजूत करून घेतली होती की साप असेल, बेडूक असेल. एकदा चिडवलं, "काय आबा, चोर लपलाय का खाली?" तर हसलेसुद्धा नाहीत.

विहीर, देवळापुढचा हौद, काही म्हणून सोडत नाहीत. एका लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि आबा पाण्याच्या पिंपाचं झाकण काढून आत डोकं घालून उभे. वरमाय अशी कावली की अक्षता पडायच्या राहिल्या. तसेही लोक शुभकार्यात त्यांना बघून जरा चपापतातच. ते मूळचे तिकोणा पेठेचे, पवना धरणाच्या काठचे, पट्टीचे पोहणारे. सहलीला आलेली पोरं धरणात उतरतात आणि त्यातलं एखादं वर येत नाही. मग पोलीस आबांना बोलावायचे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, हातांनी तळ चाचपत शोधायचं. कितीतरी आईबापांना त्यांनी त्यांचं पोर निदान जाळायला तरी मिळवून दिलं. मग एकाएकी ते काम सोडलं, घर सोडलं आणि बायकोला घेऊन इकडे आले. आता धरणाची मासळी त्यांच्या चुलीवर शिजत नाही. मटणाची नळी मात्र चोखून खातात.

यंदा नवरात्राच्या तोंडावर माझ्या वन्सं आल्या. सोबत त्यांची चार वर्षांची नात, सई. घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुतली गेली पाहिजे, हा वन्संचा धर्म. पडदे धुतले, पाट धुतले, माझ्या चष्म्याचं घर धुतलं. आबा तेव्हा तापाने पडून होते. मी तळेगावला दात दाखवायला गेले तेवढ्यात वन्संना पिंप सापडलं. "केवढी ती घाण, वहिनी!" स्पंज आणि चक्रं त्यांनी ब्लीचिंग पावडरीत घासली, उन्हात वाळवली आणि पांढरीशुभ्र करून परत ठेवली. वर, दिवसाढवळ्या दिवा कशाला जळतोय म्हणून ट्यूबही बंद केली.

आठवड्याभरात पाणी हिरवं झालं, तेव्हा कुठे मला हे कळलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, दोन मेले. आबा अंगात कणकण असतानाच आले आणि पिंपाचं झाकण उघडून बघतच राहिले.

"गोठा धुतला, बाई. आख्खा गोठा."

वन्संना गोठा कुठला ते कळेना. त्यांनी आबांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. आबांनी तो खिशात टाकला, शेजारच्या बंगल्यातल्या तळ्याच्या पिंपातला एक मळका स्पंज आणून आमच्या पिंपात ठेवला आणि ट्यूब चालू केली. "इरजान लावलंय. दही लागाया येळ लागंल." मग तळ्याकडे बघितलं. 'हितं न्हाई' म्हणाले नाहीत, चहा मागितला नाही. नुसते काठावर बसून राहिले.

दुपारी सई दिसेना. आम्ही हाका मारत बाहेर आलो तर हिरव्या पाण्यावर तिची गुलाबी चप्पल तरंगत होती आणि आबा कपड्यांसकट तळ्यात उतरलेले होते. हनुवटी पाण्याला टेकवून दोन्ही हातांनी तळ चाचपत होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत, नांगराचं तास धरावं तसे सरळ. वन्सं ऊर बडवू लागल्या. तेवढ्यात देवघरातून सई आली, तोंडाला प्रसादाची साखर लागलेली. चप्पल तिनेच माशांना होडी म्हणून दिली होती.

मी तिला उचलून काठावर धरलं. "आबा, ही बघा सई. वर या आता."

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "व्हय," म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

"अहो, सापडली ती!"

"ती गावली. त्यो न्हाई गावला."

आरडाओरडा ऐकून त्यांची बायको पारूबाई आल्या. सरळ पाण्यात उतरल्या, त्यांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "चला, हितं न्हाई त्यो." तेव्हा कुठे आबा वर आले.

त्यांना घोंगडीत गुंडाळून बसवल्यावर पारूबाई माझ्या ओट्याला टेकल्या. "एकच ल्योक व्हता, बाई. कुनाचं तरी पोर बुडत व्हतं म्हनून धरनात उतरला. ते परक्याचं पोर ह्यांच्या हाताला लागलं, आमचं न्हाई लागलं. पानी लय गढूळ. भटजीनं पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळाया सांगितला. भावकीनं जाळला. हे आलं न्हाईत. म्हनले, पानांचं पोर माजं न्हाई."

मला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा ते कळत नव्हतं. वन्सं तर देवापुढे जाऊन बसल्या त्या उठेनात.

विरजण लागलं ते दिवाळीच्या सुमारास. एका सकाळी तळ दिसला. नवऱ्याने हौसेने मांडलेले गोटे दिसले, त्यांवर माशांच्या सावल्या दिसल्या. आबा आले, चारी बाजूंनी फिरले, गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"हितं न्हाई," म्हणाले. "ठिवा चा."

त्या दिवशी मी माझाही कोराच केला आणि त्यांच्याशेजारी काठावर बसले. आबांनी ग्लास उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, तळ बघितला. मग तो खाली घेऊन विचारलं,

"बाई, धरनाच्या पान्याला किती गुरं लागत्याल वो?"

मी जन्मभर गणित शिकवलं. बोटांवर हिशेब मांडायला घेतला.