हवालदार मामाजी आणि पार्ट टू

माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि एक म्हातारा स्टेजवर चढून नवरदेवाच्या कानाशी आला. "पार्ट टू कधी काढून राहिला, बापू?" भटजी थांबले. माझे हे फौजेत. मुंडावळ्या सावरत म्हणाले, "ड्यूटीवर गेलो का लगेच जी." तेव्हा कुठं म्हातारा खाली उतरला आणि भटजींना म्हणाला, "हं, करा सुरू."

हे आमच्या नाकाडोंगरीचे सुखराम हवालदार. पलटणीच्या ऑफिसात कारकून होते. आता एकटेच राहतात. गावातल्या फौजींच्या सगळ्या सुना त्यांना मामाजी म्हणतात. पार्ट टू म्हणजे जवानाचं लग्न, लेकरंबाळं नोंदवणारा फौजेतला हुकूम. "तो निघेपर्यंत सरकारसाठी तू कुवाराच," असं ते नव्या नवरदेवाला बजावतात.

त्याच मांडवात त्यांनी फौजेच्या कागदांसाठी आमचा जोडीचा फोटो काढायला लावला. मी लाजून हसले, तर ओरडले, "हासू नको वो पोरी! दात दिसले का फोटो वापस येते." त्या फोटोत आम्ही दोघं कुणाच्या मयतीला आल्यासारखे दिसतो.

सुट्टीवर आलेला जवान तुमसर रोड स्टेशनला उतरला की घरच्यांआधी मामाजीच गाठतात. रेल्वेचं फुकट प्रवासाचं वॉरंट घेतलं का, पोराच्या शाळेचा भत्ता मागितला का, बायकोसाठी क्वार्टरला नाव लावलं का. पोरं त्यांना चुकवायला तळ्याच्या पाळीवरून घरी जातात. सासूबाई तर ते दिसले की दार ओढून घेत.

"कायले येवढे मागं लागता जी?" मी एकदा विचारलं.

"घरी कोणी सांगत नाही ना," एवढंच बोलले आणि चहा न घेता उठले.

मला सातवा महिना होता, तेव्हा ताप आला, अन्न जाईना. सासूबाईंनी बपेऱ्याहून काविळीचा झाडपाला आणवला होता. हे सीमेवर, फोन लागत नव्हता. मामाजी नेहमीसारखे माझं फौजी दवाखान्याचं कार्ड आलं का विचारायला आले. माझे डोळे पाहिले आणि तिथंच थांबले.

"हे किती दिवसापासून होऊन राहिलं?"

"उतरते जी, औषध चालू आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कामठीले मिलिटरीचा दवाखाना आहे, हिचा हक आहे तिथं! काहून बसून राहिल्या?" एरवी बाईमाणसाशी खाली मान घालून बोलणारा माणूस ओरडत होता. तासाभरात त्यांनी जीप आणली. दवाखान्याच्या गेटाशी ते खाली उतरले. सासूबाईंना म्हणाले, "तुम्ही न्या आत. मी अठीच आहो."

मी वाचले. मुलगी नाही वाचली.

हे सुट्टी घेऊन आले. मला दवाखान्यातून सोडलं, त्या दिवशी मामाजी बसनं कामठीला आले होते, पण याही वेळी गेटाबाहेरच. हे गाडी आणायला गेले. मी मामाजींजवळ पारावर बसले.

"शांतीले बी कावीळच झाली होती," ते म्हणाले. "माही बायको. मी सीमेवर, तिचं कार्ड माह्या ट्रंकेत. घरी कोणालेच माहीत नोहोतं का तिले अठी आणता येते. मले वाटलं, सुट्टीत गेलो का सांगू."

इतक्या घरच्या बायापोरांना त्यांनी इथं पाठवलं होतं. स्वतः कधी आत पाऊल टाकलं नव्हतं.

"आतमधी खाट कशी आहे वो?"

"चांगली आहे जी. गादी आहे."

"पंखा?"

"आहे."

"अन् राती कोणी येते का इचाराले? एकटं नाही ना वाटत?"

ते माझ्यासाठी विचारत नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"सिस्टर येते जी," मी म्हटलं. "कपाळावर हात ठेवून पाहते. झोप लागेपर्यंत बसते कधी कधी."

मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बसते?" ते म्हणाले. "मंग बरं वाटलं असतं तिले."