आकाशपाळणा बाबरांकडे बघायला आला

सत्तरीच्या पुढच्या माणसांना आकाशपाळण्यात बसायचं असेल, तर आमच्या कराडात पाळणा आधी घरी येऊन त्यांना बघून जातो. पसंत पडली तर बसवतो, नाहीतर नाही. पूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी चालायची, पण चिठ्ठी काय, कुणीही आणतं. आताची पद्धत बरी आहे. निदान समोरासमोर बोलणं होतं.

आमच्या शेजारच्या अण्णा बाबरांच्या लग्नाला या मार्गशीर्षात पन्नास वर्षं होणार होती. त्यांची पुण्याची नात रुचिरा हिने दोघांना हायवेवरच्या मौजनगरीत न्यायचं ठरवलं. पोरीने बेत फार नीट आखला होता. सकाळी लवकर निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं, चाकाची खुर्ची सांगून ठेवायची, केक बिनसाखरेचा आणायचा. जेवण जिना नसलेल्या ठिकाणी घ्यायचं आणि दुपारभर झाडाखालच्या बाकावर बसून कारंजी बघायची. मी तेव्हा कोथिंबीर मागायला गेले होते आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळं ऐकू आलं.

"आणि पाळणा?" प्रमिलाकाकींनी विचारलं.

"आजी, पाळणा नको गं. बाकावरून छान दिसतो तो."

"हे बघ रुचे, मी पाळण्यात जावेबरोबर बसले, तुझ्या आईबरोबर बसले, या सुनंदाबरोबरसुद्धा बसले. एका माणसाबरोबर बसायचं राहिलंय. तेवढं झालं की बसते तुझ्या बाकावर."

राहिलेला माणूस समोरच पेपर वाचत होता. कुठल्याही जत्रेत काकी वर जायच्या आणि अण्णा खाली त्यांच्या चपला हातात धरून उभे राहायचे. मी स्वतः बघितलंय. चपला धरतात छान, पण वर काही येत नाहीत.

"तुम्ही तर आयुष्यभर एस्टी चालवलीत अण्णा," मी म्हटलं. "कुंभार्ली घाटात, धुक्यात. आणि पाळण्याला भिता?"

"घाटात स्टिअरिंग माझ्या हातात असायचं," अण्णा पेपराआडून म्हणाले.

काकींनी तिकडे लक्षच दिलं नाही. "सुनंदा, पाळण्याला बोलावणं धाड."

मी धाडलं. बाजाराच्या दिवशी गर्दीतून वाट काढणं अवघड जातं, असा पाळण्याचा निरोप आला, म्हणून बुधवार ठरला. तारा चुकवत मागच्या रस्त्याने आला तो बरोबर चार वाजता. सोबत वडीलधारं कुणी हवं म्हणून घोड्यांची चक्री आली होती, ती त्याची आत्या. पाळणा कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर उभा राहिला आणि त्याचा एक डबा गॅलरीतून हॉलमध्ये आला. चक्री दारातून आत येईना, ती ओट्यावर बसली. तिथूनच तिने घर नजरेखालून घातलं.

"पंखा छान फिरतो," ती म्हणाली. "पण बसायला काही सोय नाही त्यावर."

पोहे मी केले होते. काकी मोरपंखी साडी नेसून बशा घेऊन आल्या. चक्रीने त्यांना चालून दाखवायला सांगितलं. काकी चालल्या.

"उंचीची सवय?"

"माळ्यावरचे डबे अजून मीच काढते."

"चक्कर येते का?"

"ह्यांचं बोलणं ऐकून येते कधीकधी."

"वर गेल्यावर कानातलं पडलं तर?"

"तर पडलं."

पाळण्याला हे आवडलेलं दिसलं, कारण बाहेर त्याचे दिवे भर उजेडात एकदा लागून गेले. मग त्याने अण्णांना डब्यात बसायला सांगितलं. अण्णा बसले. भीती वाटते का, असं त्याने विचारलं. अजिबात नाही, असं अण्णा म्हणाले. पाळण्याने डबा अगदी हलकेच, झोळी हलवावी तसा हलवला. अण्णांचा उजवा पाय पुढे गेला आणि त्यांनी डब्याचा तळ अंगातलं सगळं बळ लावून दाबून धरला. चेहरा मात्र हसरा होता.

पाळण्याने तो पाय बघून ठेवला. पोह्यांची तारीफ केली, खोबरं ओलं आहे का ते विचारलं, आणि निघताना म्हणाला, "घरी जाऊन कळवतो."

तिथेच मी आशा सोडली. माझ्या धाकट्या बहिणीला घरी जाऊन कळवतो म्हणणारे एकजात अजून घरी पोचलेले नाहीत.

पण पाळण्याकडचे लोक बोलल्याप्रमाणे वागणारे. दुसऱ्याच दिवशी आत्या निरोप घेऊन आली.

"मुलगी पसंत आहे," ती म्हणाली. "मुलाचं मात्र जमणार नाही. त्यांचा पाय ब्रेक शोधतो. आमच्यात बसणाऱ्याच्या पायाशी ब्रेक नसतो. मुलीला एकटीला यायचं असेल तर आमची ना नाही."

अण्णांनी श्वास सोडला तो मला भिंतीपलीकडे ऐकू आला असता, पण मी आतच होते. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "तू जा. मी चपला धरतो."

काकींनी हातातली पळी खाली ठेवली. "ह्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं?" त्या चक्रीला म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी ह्यांच्या शेजारी बसलेय. दोनदा बदलीच्या गावी, एकदा संपात, एकदा हे मधेच पोल्ट्री काढायला निघाले तेव्हा. माझ्या पायाशी कुठे होता ब्रेक? बसलेच ना मी? जाऊन सांगा तुमच्या भाच्याला. येऊ तर दोघं येऊ. नाहीतर हा आमच्याकडूनच नकार समजा."

चक्रीचे सगळे घोडे खाली बघायला लागले. "मी विचारते," ती म्हणाली आणि उलटी फिरत गेली.

रुचिराचा रोज फोन यायचा. आजी, केक कुठला सांगू? आजी, बाक सावलीतला मिळालाय! काकी एकच म्हणायच्या, "पाळण्याचं काय ते कळू दे." केक ठरेना, साडी ठरेना. अण्णा मधूनच गॅलरीत जाऊन रस्ता बघून यायचे. येऊ नये म्हणून बघत होते की यावा म्हणून, ते मी विचारलं. "तुला पोहे करायचे नाहीत का आज?" असं ते मला म्हणाले.

रविवारी पाळणा स्वतः आला, आत्याशिवाय. बसलासुद्धा नाही.

"मुलीकडच्यांचं म्हणणं रास्त आहे," तो म्हणाला. "एक अट आहे. ब्रेक मुलाने स्वतःचा आणावा. त्याने तो दाबला तर मी मानीन. ड्रायव्हरने ब्रेक लावला आणि गाडी थांबली नाही, असं माझ्याकडून व्हायचं नाही."

अण्णांनी पेपर घडी करून ठेवला. मग उठून शर्ट घातला आणि डेपोच्या भंगारातून एक जुना पेडल घेऊन आले. रात्रीच्या जेवणापर्यंत रॉकेलने घासत होते.

"पण थांबल्यावर सुटायचं कसं?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा, असं म्हणालाय तो," अण्णा म्हणाले.

काकी लगेच उठल्या. देवघराकडे गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत काहीतरी किणकिणलं.

लग्नाच्या वाढदिवशी आम्ही वेळेत पोचलो. मला रुचिरानेच बोलावलं होतं, म्हणजे मी गाडीत बसल्यावर ती नाही म्हणाली नाही. चाकाची खुर्ची दारातच तयार होती. पेडल जड होता म्हणून तो खुर्चीत ठेवला आणि अण्णा खुर्ची ढकलत चालले. रुचिराने दोनदा "आजोबा, तुम्ही बसा ना," म्हणून बघितलं.

पाळण्यापाशी काकींनी चपला काढल्या. अण्णांनी सवयीने वाकून उचलल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःच्याही काढल्या, चारही माझ्या हातात दिल्या आणि पेडल पायाशी ठेवून काकींच्या शेजारी बसले. डोळे घट्ट मिटलेले.

पाळणा हळू निघाला. खालून मला अण्णांचा पाय दिसत होता, पेडलवर, नुसता ठेवलेला. अगदी वर, जिथून पुढे उतार लागतो, तिथे त्यांनी तो दाबला. पाळणा जागच्या जागी थांबला.

खालचा शिट्टीवाला धावत आला. "ओ आजोबा! पाय काढा! रांग खोळंबलीय!"

अण्णांनी डोळे उघडले होते. आवाज तोच, डेपोतला. "डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही!"

"बेल कुणाकडे आहे?"

अण्णांनी शेजारी बोट दाखवलं. काकींनी पिशवीतून देवघरातली घंटा काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात पालथा घातला.

"आजी!" रुचिरा ओरडली. "वाजव ना गं! दोनदाच वाजवायचीय!"

"वाजवते की!" वरून काकी म्हणाल्या. "संगम दिसतोय इथून. ह्यांना दाखवतेय. तुम्ही केक कापून घ्या!"

शिट्टीवाल्याने पाळण्याकडे बघितलं. पाळणा म्हणाला, नियमाप्रमाणेच चाललंय. मग शिट्टीवाल्याने शिट्टी खिशात टाकली आणि रांगेतल्या लोकांना खालीच बसायला सांगितलं.

आम्ही केक कापला. बिनसाखरेचा असूनही बरा होता. रुचिराने ठरवलेला बाक झाडाखाली मोकळाच होता. त्यावर मी चपलांचे दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवले, कडेला बसले आणि कारंजी बघितली. कारंजी खरंच छान आहेत.