दिवड हाय, मारू नका

विहिरीत उतरण्याआधी शब्बीरचाचा काठावर उभे राहून आत सलाम करतात. कुणाला, तर सापांना. "मोटर काढायला आलोय रे, जरा बाजूला सरका," असं बजावतात आणि मगच दोर धरतात.

घोडेगावच्या आसपासच्या निम्म्या विहिरींच्या मोटरी त्यांनीच काढल्या-बसवल्यात. मूळचे मिरजगावकडचे, इकडे एकटेच आले. हात सोन्याचा, तोंडाला मात्र विसावा नाही. आणि विषय एकच, दिवड. पाठीवर सोंगट्यांच्या पटासारख्या चौकटी असलेला, मासे-बेडकं खाणारा पाणसाप. "लई तापट बाई हाय ती, ताई. चावती कचाकच, पन जहर न्हाई. घाबरली की मान चपटी करून उभी ऱ्हाती, अन् लोक नाग समजून ठेचत्यात." एकदा आमच्या बांधात, उंदराच्या बिळात, दिवडीची अंडी निघाली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत या गृहस्थांनी तिथं कुदळ लावू दिली नाही. माझे दीर, सुनीलभाऊजी, अजून दातओठ खातात. मीही म्हणायचे, बायको नाही, लेकरू नाही, म्हणून सापांशी सोयरीक केलीय. जिभेला हाड नसतं, दुसरं काय!

गेल्या वर्षी ऐन कांदालागणीत आमची मोटर बंद पडली. चाचा खाली विहिरीत, भाऊजी कप्पीवर, आणि मी वर आलेल्या पाइपाचं शेवाळ ओढून काढत होते. शेवाळात काहीतरी गार, गुळगुळीत वळवळलं आणि माझ्या मनगटाला कचकन चावलं.

पाहते तर समोर साप. डोकं वर, मान चपटी. मनगटाचं रक्त थांबेना. "वैनी, नाग!" भाऊजी किंचाळले आणि त्यांनी फावडं उचललं.

चाचा सरसर दोर चढून आले, सापापुढे वाकले, त्याच्या डोळ्याखालच्या दोन काळ्या रेघा नीट बघितल्या आणि भाऊजींचं फावडं धरलं. "दिवड हाय, मारू नका."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "ताई, गाडीवर बसा. दवाखान्यात चला."

"अहो, आत्ताच म्हणालात ना दिवड?"

"गाडीवर बसा म्हनतो ना!" त्यांना असं खेकसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. चाचा स्टूल ओढून समोरच बसले. दर दहा मिनिटांनी एकच. "ताई, डोळं मोठं करा. पापनी जड वाटती का? जहर चढलं तर आदी पापनीच पडती. थुंकी गिळून बघा." भाऊजींनी आणलेला चहा तसाच निवला. मनात आलं, हा माणूस काहीतरी लपवतोय, आता आपलं काही खरं नाही. पोरं डोळ्यांसमोर यायला लागली.

शेवटी मी भडकलेच. "चाचा, खरं सांगा, नाग होता ना तो?"

"दिवडच हुती. अल्लाकसम."

"मग मला भीतीनं का मारताय?"

त्यांनी टोपी काढली आणि हातात चुरगळत बसले.

"माझ्या नजमाला चावलं तवा मी निसती शेपूट बघितली हुती, बिळात शिरताना. लग्नाला दुसरं वरीस. साप वळखावा तर शब्बीरनं, असं सारं गाव म्हनायचं. मी तिला म्हनलं, दिवड हाय, काय हुत न्हाई, झोप. माझ्यावर इस्वास ठिवून झोपली ती. उठलीच न्हाई." टोपीची घडी घालत म्हणाले, "तवापासनं सापाला सोडवायचं आसलं तरच मी दिवड म्हनतो, ताई. मानसाला धीर द्यायला न्हाई म्हनत."

माझी जीभ का झडली नाही, असं झालं मला.

संध्याकाळी डॉक्टर हसत आले. बिनविषारीच होता, खुशाल घरी जा म्हणाले. भाऊजी गाडी काढायला गेले. मी चपला घातल्या. चाचा मात्र स्टुलावरून हलेनात.

"आजून थोडं बसू," ते हळूच म्हणाले.

मी चपला काढल्या, परत खाटेवर बसले आणि त्यांनी सांगायच्या आधीच डोळे मोठे करून दाखवले.